किक मारण्याआधी हे वाचा

ही मार्गदर्शिका कोणासाठी

पॉइंटवाल्या जुन्या बुलेट ३५० च्या मालकांसाठी. ज्यांची गाडी बटण दाबलं की चालू होते त्यांनी पान उलटावं. त्यांच्या गाडीचं इग्निशन एका काळ्या डबीत बंद असतं. ते बिघडलं की डबी बदलतात. त्यात शिकण्यासारखं काही नाही. पैसे मोजायला सगळ्यांनाच येतात.

गाडी शक्यतो वडिलांची असावी. स्वतःची गाडी बंद पडली तर माणूस ती ढकलत मिस्त्रीकडे नेतो. वडिलांची बंद पडली तर स्वतः उघडायला बसतो. ती पार्किंगमध्ये दोन वर्षं उभी असावी, तिच्यावर कव्हर असावं आणि कव्हरवर सोसायटीचं मांजर असावं. १९५५ साली मद्रासला या गाडीची कंपनी उभी राहिली. मूळची इंग्लिश कंपनी १९७० च्या सुमारास आटोपली, गाडी मात्र मद्रासमध्ये निघतच राहिली. म्हणजे आईबाप गेल्यावर टिकून राहण्याचा अनुभव या गाडीला आहे. पोराने विकायला काढण्याचा नव्हता.

तो प्रसंग मी आणला. गणपतीत जेवणाच्या पंगतीत मी सहज म्हणालो, "गाडी काढून टाकू या आता, कोण चालवतंय?" बाबांनी ताकाची वाटी तोंडाला लावली आणि उत्तर दिलं नाही. त्यानंतर आमच्यात पेपर, औषधं आणि पाण्याची मोटर एवढ्याच विषयांवर बोलणं होतं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी अकरा वाजता गिऱ्हाईक बघायला येणार होतं. बंद गाडीची किंमत भंगाराची आणि चालू गाडीची किंमत हौसेची, हे बाजाराचं गणित. म्हणून मी सकाळी सात वाजता पार्किंगमध्ये गोणपाट पसरलं.

साहित्य

१. पाने. जुन्या बुलेटच्या बऱ्याच नटांना इंची पाने लागतात. मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि नटाचे कोपरे घेऊन परत येतो.

२. प्लग पाना, बारीक कानस, स्क्रू ड्रायव्हर.

३. फीलर गेज. पंख्यासारख्या उघडणाऱ्या पोलादी पट्ट्यांचा हा जुडगा फटी मोजण्यासाठी असतो.

४. मल्टिमीटर.

५. जुन्या बनियनचं फडकं. नवं फडकं कळकट करायचं पाप कोणी घ्यावं?

६. सल्ला न देणारा एक माणूस. हा न मिळाल्यास त्याच्याशिवाय काम चालवावं. मला तळमजल्यावरचे काका मिळाले. ते चहाचा कप घेऊनच आले आणि म्हणाले, "कचरा आला असेल."

वडिलांच्या टूलकिटमध्ये याखेरीज काही अनाकलनीय वस्तू सापडतात. मला रबरबँड लावलेला व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा सापडला. बाबा पाटबंधारे खात्यात होते तेव्हाची कार्डं, कडांना ग्रीसचे डाग. निवृत्त माणसाला जुनी कार्डं टाकवत नाहीत, असं मनाशी म्हणून मी गठ्ठा बाजूला ठेवला. नवशिक्याची ही पहिली चूक. पुढे बऱ्याच आहेत.

पायरी १ : तत्त्व समजून घ्या

बॅटरी १२ व्होल्टची असते, फार जुन्या गाडीत ६ ची. एवढ्याशा दाबाने प्लगच्या टोकांमधली अर्ध्या मिलिमीटरची फट ओलांडता येत नाही. तिथे निदान काही हजार व्होल्ट लागतात. ते कॉइल देते. कॉइलमध्ये एकाच लोखंडी गाभ्यावर दोन गुंडाळ्या असतात : जाड तारेचे थोडे वेढे आणि केसासारख्या तारेचे हजारो वेढे. पॉइंट मिटलेले असताना जाड तारेतून करंट वाहतो आणि गाभ्यात चुंबकत्व साठत जातं. या काळात बाहेर काहीही दिसत नाही, ऐकू येत नाही. मग इंजिनाबरोबर फिरणारा कॅम पॉइंटना ढकलून उघडतो, करंट तुटतो, साठलेलं चुंबकत्व एकदम कोसळतं आणि त्या धक्क्याने बारीक तारेत दहा-पंधरा हजार व्होल्ट उठतात. हे बदलत्या चुंबकत्वाचं गुपित मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये उलगडलं. त्यावर बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांचा संसार अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने मांडला आणि १९१० च्या कॅडिलॅक मोटारींत तो रस्त्यावर आला.

नवशिक्यांचा नेहमी एक गैरसमज होतो. वायरला वायर जोडली की ठिणगी पडते, असं त्यांना वाटतं. प्लगमधली ठिणगी पडते ती जोडल्यावर नाही, तोडल्यावर. आधी बराच वेळ शांतपणे साठायला हवं आणि मग नेमक्या क्षणी तुटायला हवं. ज्यांच्या घरात ताकाची वाटी तोंडाला लावून गप्प बसणारी माणसं आहेत त्यांना हे चटकन समजतं.

पायरी २ : सोप्यापासून सुरुवात

पेट्रोलचा कॉक उघडा आहे का? टाकीत पेट्रोल आहे का? दोन वर्षांपूर्वीचं असेल तर काढून टाका. त्याचा वास वार्निशासारखा येत असतो. हे प्रश्न अपमानास्पद वाटतात, म्हणूनच ते कोणी विचारत नाही.

आता बॅटरी. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर बॉडीला जोडलेली वायर आधी सोडवा, मग दुसरी. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून घासा, कोरडं करा, परत घट्ट बसवा आणि वर व्हॅसलीनचं बोट फिरवा. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी मल्टिमीटरवर साडेबाराच्या थोडी वर दाखवते. बारा दाखवत असेल तर ती बारा नाही, जवळजवळ रिकामी आहे. सोडा आणायला मी वर गेलो तेव्हा बायको म्हणाली, "ढोकळ्याला ठेवलाय तो." तरी मिळाला. बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण पान अर्ध्या तासात बदललं नव्हतं.

पायरी ३ : काट्याकडे बघा

बुलेटच्या हेडलाइटच्या डोक्यावर एक छोटा अँपिअर मीटर असतो. बहुतेकांना तो शोभेचा वाटतो. खरं तर तो गाडीच्या छातीवर ठेवलेला स्टेथोस्कोप आहे.

चावी लावा. किक हाताने हळूहळू दाबत इंजिन फिरवा. पॉइंट मिटले की काटा वजाकडे झुकतो, उघडले की मधोमध येतो. काटा असा झुलत असेल तर बॅटरी, फ्यूज, चावी, कॉइलची जाड गुंडाळी आणि पॉइंट इतक्या सगळ्यांची हजेरी एका फटक्यात लागते. काटा हललाच नाही तर वाट कुठेतरी तुटली आहे : फ्यूज उडालाय, टर्मिनल सैल आहे किंवा पॉइंटवर थर चढून ते मिटूनही मिटत नाहीत. काटा वजाकडे झुकून तिथेच चिकटून राहिला तर करंटला चोरवाट सापडली आहे : पॉइंटची वायर बॉडीला टेकतेय, कंडेन्सर आतून शॉर्ट झालाय किंवा पॉइंट उघडतच नाहीत.

एक इशारा. चावी लावून पाना शोधायला जाऊ नका. पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबलं असेल तर कॉइलमधून सतत तीन-साडेतीन अँपिअर वाहत राहतात. कॉइल तापते, बॅटरी उतरते आणि पाना तर सापडलेला नसतोच.

माझा काटा हलला नाही. काका म्हणाले, "कचरा." फ्यूज आणि टर्मिनल ठीक होते, म्हणजे या वेळी काका बरोबर होते. घड्याळात वर्षभर एकच वेळ दाखवणारा काटासुद्धा दिवसातून दोनदा बरोबर असतो.

पायरी ४ : पॉइंट

सिलिंडरच्या मागे, उजव्या अंगाला डिस्ट्रिब्युटरचं गोल झाकण आहे. ते काढलं की आत दोन इवल्या धातूच्या टिकल्या समोरासमोर दिसतात. हेच पॉइंट. अख्ख्या गाडीचा जोर या दोन टिकल्यांच्या भेटीगाठींवर चालतो. गाडी उभी राहिली की त्यांच्यावर थर चढतो, गाडी चालत राहिली की एका टिकलीवर खड्डा आणि दुसरीवर टेंगूळ येतं. खड्डा उथळ असेल तर बारीक कानशीने सारखा करा, पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, मग कोरा कागद मध्ये सरकवून ओढा. कागद काळा निघायचा थांबला की पॉइंट स्वच्छ झाले. खड्डा खोल असेल तर नवे घ्या. कानस मारून पॉइंट आणि पाणी मारून दूध, दोन्ही फार वेळ टिकत नाही.

माझा काटा हलायला लागला. काकांना मी बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "मी काय म्हणत होतो?"

आता फट. पॉइंट उघडल्यावर त्यांच्यात ०.३५ ते ०.४० मिलिमीटर अंतर असावं. कमी असेल तर ते नीट तुटत नाहीत, टिकल्या जळतात. जास्त असेल तर मिटलेले राहायला वेळच मिळत नाही आणि कॉइलमध्ये पुरेसं साठत नाही. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, तसं वर्षानुवर्षं हे अंतर आपोआप कमी होत जातं. त्यासाठी कॅमवर ग्रीसचं पुसटसं बोट लावतात. जास्त लावलं तर ते उडून टिकल्यांवरच बसतं.

स्क्रू ढिला करा, फीलर गेजची पट्टी घाला, अंतर जुळवा, स्क्रू आवळा, आवळताना अंतर बदललेलं असतं म्हणून पुन्हा ढिला करा. हे सहा वेळा केलं की काम झालं असं मला वाटलं. पॉइंट जिथे पूर्ण उघडतात, म्हणजे कॅमचा उंचवटा जिथे टाचेला पुरता ढकलतो, तिथेच माप घ्यायचं असतं, ही ओळ मी वाचली होती. वाचली होती आणि पुढे गेलो होतो.

पायरी ५ : ठिणगी बघा

प्लग काढा. त्याचं तोंड बघून इंजिनाची कुंडली सांगता येते. कॉफीसारखा तपकिरी असेल तर प्रकृती उत्तम. कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. तेलकट काळा असेल तर ऑइल वर चढतंय. पांढरा फटक असेल तर इंजिन तापतंय. घासून पुसा, टोकांमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवा.

प्लगला कॅप लावा, त्याची धातूची बॉडी सिलिंडरच्या हेडला टेकवा आणि किक मारा. टेकवताना प्लगच्या भोकापासून लांब टेकवा. तिथून पेट्रोलची वाफ येत असते. प्लग हातात धरू नका. काका म्हणाले, "आम्ही हातातच धरायचो." मी प्लग त्यांच्यापुढे धरला. ते दोन पावलं मागे सरकून म्हणाले, "तेव्हा कॉइल वेगळी होती."

निळी, चटचट आवाज करणारी ठिणगी आली तर उत्तम. पिवळी, लालसर, दमलेली आली तर पुढची पायरी वाचा. माझी निळी होती. तरीही पुढची पायरी वाचा, कारण तिच्यासाठी मी रात्री दोन वाजेपर्यंत जागलो होतो.

पायरी ६ : कंडेन्सर आणि कॉइल

कंडेन्सर म्हणजे पॉइंटच्या शेजारी बसलेली करंगळीएवढी डबी. पॉइंट उघडतात त्या क्षणी करंटला फटीतून उडी मारायची असते. कंडेन्सर त्याला तेवढ्यापुरता आपल्या पोटात घेतो, त्यामुळे पॉइंटमध्ये ठिणगी न पडता प्लगमध्ये पडते. घरातल्या मधल्या माणसाचं काम हेच. आमच्या घरात ते बायको करते. कंडेन्सर गेला की पॉइंटमध्येच निळ्या-पिवळ्या ठिणग्या फडफडतात, प्लगची ठिणगी मरगळते, टिकल्या भराभर जळतात. कधी गाडी थंड असताना सुरळीत चालते, गरम झाली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने काही घडलंच नाही अशी पुन्हा चालू होते. त्याची खात्रीशीर तपासणी एकच : चांगला कंडेन्सर लावून बघणे.

कॉइलच्या वायरी सोडवून मल्टिमीटरने मोजा. १२ व्होल्टच्या कॉइलची जाड गुंडाळी साधारण तीन ते चार ओहम दाखवते, बारीक गुंडाळी काही हजार. मीटर अनंत दाखवत असेल तर आतली तार तुटली. कॉइल दुरुस्त होत नाही. गरम झाल्यावरच दगा देणारी कॉइल थंडपणी मोजली तर निर्दोष सुटते, म्हणून संशय असेल तर तापल्यावर मोजा.

पायरी ७ : किक

सगळं परत बसवा. चावी, पेट्रोल, चोक. छाती भरून घ्या. किक मारा.

माझी किक उलटली. ठिणगी वेळेआधी पडली की पिस्टन वर यायच्या आतच स्फोट त्याला मागे ढकलतो आणि तो राग किकमधून तुमच्या पायापर्यंत पोचतो. मी गोणपाटावर बसलो. म्हणजे बसवला गेलो. मांजर पळालं. काका म्हणाले, "टायमिंग." घोट्याला हात लावल्यावर मला पायरी ४ ची ती ओळ शब्दशः आठवली. अर्धवट उघडलेल्या पॉइंटमध्ये मी ०.४० जुळवलं होतं, म्हणजे पूर्ण उघडल्यावर अंतर त्याहून बरंच मोठं. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात, लवकर उघडले की ठिणगी लवकर पडते.

जिन्यावर चपला वाजल्या.

पायरी ८ : वडील खाली येतात

या पायरीला साहित्य लागत नाही. अंदाजे दहा वाजलेले असावेत.

बाबा आले, गोणपाटावर बसले नाहीत, लुंगी सावरून उकिडवे बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी बाजूला ठेवलेला कार्डांचा गठ्ठा उचलला, वरचं कार्ड काढलं. दुसऱ्या हाताने किक हळूहळू दाबत कॅम फिरवला, पॉइंट पूर्ण उघडेपर्यंत. मग कार्ड टिकल्यांमध्ये सरकवलं.

"ढिला कर."

मी स्क्रू ढिला केला. टिकल्या कार्डावर अलगद मिटल्या.

"आवळ. हळू. नुसताच जोर आहे."

कार्ड निघताना ना अडकलं ना घसरलं. ते कार्ड मी नंतर फीलर गेजशी ताडून पाहिलं : ०.४० च्या किंचित आत.

मग टायमिंग. या गाडीत इंजिन संथ असताना पिस्टन वरच्या टोकापासून सुमारे ०.८ मिलिमीटर खाली असतानाच पॉइंट उघडायला हवेत. वेग वाढला की डिस्ट्रिब्युटरमधली वजनं ते आपोआप आणखी लवकर करतात. पिस्टनची जागा मोजून आणायला मला तासभर लागला असता. बाबांनी फक्त प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला, दाब लागल्यावर किक थोडी दाबली, काट्याकडे बघितलं आणि म्हणाले, "टायमिंग हललेलं नाही. तू फटच बिघडवली होतीस."

नवशिक्यांनी या पद्धतीचा अवलंब करू नये. अंगठ्याला चाळीस वर्षांची सवय लागते.

पायरी ९ : किक, योग्य प्रकारे

१. चावी लावा. किक हळू दाबा, जड लागेपर्यंत. काटा मधोमध आला की थांबा.

२. डाव्या मुठीजवळचा डिकंप ओढा. त्याने सिलिंडरमधला दाब सुटतो. किक अगदी थोडी पुढे ढकला, म्हणजे पिस्टन वरचं टोक ओलांडतो. डिकंप सोडा.

३. किक पूर्ण वर येऊ द्या.

४. आता एकच, लांब, पूर्ण किक. झटका नको, वजन टाका.

बाबांचं वजन चोपन्न किलो आहे. गाडी पहिल्या किकला चालू झाली. पार्किंगच्या भिंती थरथरल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या, काकांच्या कपात चहाला लाटा आल्या. बाबा कान देऊन उभे होते.

"आयडलिंग जास्त आहे," ते म्हणाले.

गणपतीनंतर पेपर, औषधं आणि मोटर यांच्या बाहेरचं बोलणं त्या सकाळीच सुरू झालं होतं. त्यांनी कार्ड लुंगीला पुसलं, खिशात घातलं आणि वर गेले. पाच मिनिटांनी पॅन्ट घालून परत आले.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : पॉइंट किती दिवसांनी बघावेत?
उत्तर : गाडी रोज चालत असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी. उभी असेल तर त्याआधीच. उभं राहिल्याने चालण्यापेक्षा जास्त बिघडतं.

प्रश्न : फीलर गेजऐवजी कोणतंही व्हिजिटिंग कार्ड चालेल का?
उत्तर : नाही, जाडी वेगवेगळी असते. मी वापरलेल्या कार्डावर सहा आकडी फोन नंबर आहे. तो लावून बघू नये.

प्रश्न : पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवावं का?
उत्तर : बसतं, चांगलं चालतं आणि पुन्हा उघडावं लागत नाही. घरात पेपर, औषधं आणि मोटर एवढे विषय पुरत असतील त्यांनी अवश्य बसवावं.

प्रश्न (अकरा वाजता, गिऱ्हाइकाचा) : गाडी बघायला आलोय. कुठे आहे?
उत्तर : चक्कर मारायला गेली आहे.

प्रश्न (साडेअकरा वाजता) : कधी येईल?
उत्तर : सांगता येत नाही. तुम्ही चहा घ्या. ढोकळा आज फुगलेला नाही.